शेवटच्या फेरीचा सांधा

१४ ऑक्टोबर

दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, तर स्वयंपाकघरातून आवाज यायला लागला. टाक. मग थोडा वेळ शांत. परत टाक. घरात माझ्याशिवाय कोणी नाही असं मी धरून चालले होते, म्हणून दाराशी ठेवलेली माझी ट्रामची सळई उचलली आणि गेले. नोकरी सुटून सहा वर्षं झाली, पण ती सळई मी डेपोला परत केलेली नाही. एकतीस वर्षं ट्राम चालवताना तिनेच रुळांचे सांधे बदलले, आता चोराच्या टाळक्यात घालायला तरी उपयोगी पडेल.

चोर नव्हता, सून होती. रिम्मा टेबलाशी बसून बर्फावरच्या शर्यतीच्या नव्या स्केटच्या बुटाची टाच बोटाने उचलत होती आणि सोडत होती. बूट वर यायचा, पातं खालीच राहायचं. सोडला की बूट पात्यावर आपटायचा.

"मोडका माल गळ्यात मारला वाटतं तुझ्या," मी म्हणाले.

"मोडका नाही, क्लावदिया स्तेपानोव्ना. असाच असतो. पुढे चवड्याखाली बिजागरी आहे. हॉलंडच्या पोरी गेलं वर्षभर यावर पळतायत. सगळ्यांचे जुने विक्रम धुऊन टाकलेत."

"तुझे पण?"

"माझे तर सगळ्यात आधी."

असं म्हणून परत टाक. चेहरा मात्र रडका नव्हता, नवीन कुलूप हातात आलेल्या पोरासारखा होता. मीही बसले शेजारी. दोनदा उचलून बघितला. गंमत आहे खरी, एकदा सुरू केलं की सोडवत नाही.

क्लावदिया स्तेपानोव्ना! बारा वर्षं झाली लग्नाला आणि अजून मला बापाच्या नावासकट हाक मारते, जशी काही मी डेपोची मॅनेजर आहे. शेजारच्या रोझाची सून पहिल्या दिवसापासून तिला आई म्हणते.

१९ ऑक्टोबर

गेन्काकडून, म्हणजे माझ्या चिरंजीवांकडून, आज सगळं नीट काढून घेतलं. रिम्मा मला सांगत नाही आणि तो विचारल्याशिवाय बोलत नाही. ऑलिम्पिक फेब्रुवारीत. निवडीची शर्यत डिसेंबरात, इथेच चेल्याबिन्स्कला. तीन हजार मीटरला एकच जागा उरली आहे. रिम्मा तेहेतीस वर्षांची. दोनदा जगज्जेती झाली, पण ऑलिम्पिकचं पदक तिच्याकडे नाही. मागच्या खेपेला तिकडे तिला बाद केलं होतं. का, ते घरात कोणी बोलत नाही. यंदा नाही जमलं तर संपलं.

"आणि संपलं की मग?" मी विचारलं.

"मग बघू ना, आई."

बघू म्हणजे काय बघू? मी अडुसष्टची आहे. पाळण्याची लाकडं गेन्काच्या बापाने मरायच्या आधी रंधून ठेवली होती, ती माळ्यावर पडली आहेत. एकदा मी रिम्माजवळ विषय काढला तर म्हणाली, फेब्रुवारीनंतर. मी मनात म्हटलं, बाई, फेब्रुवारी दर वर्षी येतो.

२ नोव्हेंबर

नवे स्केट तिला वश होत नाहीत. प्रशिक्षक बोरिस फोमिच फोनवर इतका ओरडत होता की मला भांडी घासता घासता ऐकू आलं. जन्मभर ती अख्खं पातं एकदम बर्फावरून उचलायची, आणि आता टाच उचलायची पण पातं मागे ठेवायचं. पाय जुनंच करतात. काल वळणावर नाही, सरळ भागात पडली म्हणे. जगज्जेती, तीही सरळ भागात! मांडीवर बशीएवढा काळानिळा डाग.

घरी व्हरांड्यात तिने फळी टाकली आहे, मेण घासून गुळगुळीत केलेली. लोकरीचे मोजे घालून त्या फळीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत घसरत राहते, कंबरेत वाकून, हात पाठीवर. मोजे महिन्यात फाटतात. मीच विणून देते. खालचे लोक तक्रार करतात, त्यांचं मी बघून घेते. आणि इतके मोजे विणूनसुद्धा बर्फावर ही बाई अनवाणी पाय बुटात घालते! उणे वीसमध्ये! म्हणते, मोजा घातला की बर्फ कळत नाही. बर्फात कळण्यासारखं काय असतं, हा मला पडलेला प्रश्न आहे.

९ नोव्हेंबर

आज घरी पाहुणी. स्नेझाना नाव, वीस वर्षांची, कोपेइस्कच्या खाणकामगाराची मुलगी, पाय म्हणजे दोन खांब आणि त्यावर वेणी. रिम्माच तिला घेऊन आली. मी बाल्कनीत गोठायला ठेवलेले पेल्मेनी आणले, खिमा भरलेल्या कणकेच्या पुरचुंड्या. पोरीने चाळीस खाल्ले. मी मोजले नाहीत, तीच मोजत होती, मोठ्याने.

"क्लावा आजी, आमच्या होस्टेलात देतात ते पेल्मेनी नसतात हो, त्यात मांस शोधायला दिवा लागतो!"

जेवण झाल्यावर ती उठली आणि फळीवर रिम्माला शिकवायला लागली. हो, ती रिम्माला!

"मावशी, ढकलून द्या आणि विसरून जा. टाच तुम्ही आणू नका, ती आपली आपण येते."

"मावशी कोणाला म्हणतेस गं? मी पहिल्यांदा जिंकले तेव्हा तू बालवाडीत नाक पुसत होतीस."

"म्हणून तर मावशी!"

दोघी हसत होत्या. भांडी विसळताना मी गेन्काला विचारलं, ही कोण. तर म्हणाला, त्या एका जागेसाठी रिम्माच्या विरुद्ध जी आहे ना, ती हीच. वर्षभर याच स्केटवर पळतेय.

माझ्या हातातून बशी निसटली. मांजरीला कोणी स्वतःहून दुधाच्या भांड्यापाशी नेतं का? आणि ती मांजर तरी कशी, आपलं दूध दुसरीला पाजते!

१७ नोव्हेंबर

स्नेझाना आठवड्यातून तीनदा येते. वीट आला. आज आली तर मी तिला पंचेचाळीस वाढले, बघू म्हटलं. संपवले.

२३ नोव्हेंबर

आज खेळ समजून घेतला. आता वयाच्या या टप्प्यावर काय करायचं समजून, पण घरात दोघी सतत आतली, बाहेरची, आतली, बाहेरची करत असतात, आणि मला अर्धवट ऐकायची सवय नाही.

रिम्माने मुरांब्याची बरणी मधे ठेवली आणि दोन चमचे घेतले. दोघी एका वेळी पळतात. एक आतल्या पट्ट्यात, एक बाहेरच्या. वळणावर आतलीला कमी पळावं लागतं, म्हणून दर फेरीला मागच्या सरळ भागात अदलाबदल करायची. आतली बाहेर जाते, बाहेरची आत येते.

"आणि दोघी एकदम तिथे पोचल्या तर?"

"तर बाहेरून येणारीचा हक्क पहिला. आतलीने वाट द्यायची. आड आली तर बाद. आणि बदलायलाच विसरली तरी बाद."

"अगं, मग हा तर सांधा आहे!" मी म्हणाले. आमच्या ट्रामचंही तेच. पुढे रूळ फुटतात, तिथे खाली उतरायचं, सळईने सांधा फिरवायचा, मग पुढे जायचं. विसरलात की ट्राम सरळ चुकीच्या रस्त्याला. मग मागच्या चार गाड्या खोळंबतात आणि अख्खा चौक हसतो. "पण विसरेल कसं कोणी? शुद्धीवरचं माणूस विसरत नाही."

रिम्मा चमच्याकडे बघत होती.

"शेवटच्या फेरीत शुद्ध नसते, क्लावदिया स्तेपानोव्ना. डोळ्यांपुढे फक्त राखाडी रंग असतो. पाय म्हणतात सरळ जा, आणि माणूस जातं."

"तू गेलीस कधी?"

तिने चमचे उचलून धुवायला टाकले. मग नळाकडे तोंड करून म्हणाली, "मागच्या ऑलिम्पिकला." चमचे विसळत पुढे म्हणाली, "माझ्या जोडीला आमचीच मुलगी होती. एका खोलीत राहायचो. ती बरोबर शेजारी होती, तिने मला बघितलं. एक हाक मारली असती."

"मग तिला फाडून खायला हवं होतं!"

"कशाला? नियमाने तिचं काहीच चुकलं नाही. शर्यतीत कोणी हाक मारत नाही, दम जातो. फक्त मी तिच्याशी परत बोलले नाही."

बारा वर्षांत ती माझ्याशी एवढं सलग पहिल्यांदाच बोलली.

३० नोव्हेंबर

रिम्माचे पाय आता ऐकायला लागले आहेत. बोरिस फोमिच फोनवर ओरडला नाही, म्हणून समजलं. गेन्का खूश आहे. रिम्मा घरात शीळ घालते, मी रागावते तरी घालते.

७ डिसेंबर

देवळात गेले. मेणबत्ती लावली, पण काय मागावं कळेना. तिला जागा मिळू दे म्हणावं, तर पाळणा आणखी लांबणार, आणि पुढे कोण सांगतं? मिळू नये म्हणावं, तर हे कसं तोंडातून काढायचं? तिच्या मांडीवरचा तो डाग मी स्वतः चोळला आहे. शेवटी म्हटलं, बाबा, जे योग्य असेल ते कर. आणि योग्य काय ते मी मुद्दामच सांगितलं नाही. बाहेर पडले तरी मन काही स्वच्छ वाटेना. परत आत गेले, दुसरी लावली. तिलाही तेच सांगितलं.

१९ डिसेंबर

उद्या शर्यत. शेवटची जोडी, रिम्मा आणि स्नेझाना. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा अशीच निघाली. गेन्काची पाळी आहे, कारखान्यातून सुटी नाही.

"मी येते," मी म्हणाले.

रिम्मा पाती घासत होती. रोज संध्याकाळी दोन्ही पाती लाकडी चौकटीत शेजारी शेजारी आवळते आणि त्यावरून तेलाचा दगड फिरवते. कोणाला हात लावू देत नाही. दगड थांबला.

"तुम्ही? बर्फावर?"

"बर्फावर नाही, बाकावर. मोफत आहे ना?"

२० डिसेंबर

आत्ताच लिहिते, नाहीतर रागात एखादी गोष्ट राहून जाईल.

उणे चौदा आणि तिरका बर्फ. डोळे किलकिले केल्याशिवाय पुढचं दिसत नव्हतं. मी मागच्या सरळ भागाच्या कठड्याशी उभी राहिले, सांधा असतो तिथे. इतर बायका शेवटच्या रेषेशी गर्दी करून होत्या. मला काय, सवयीने पाय तिथेच गेले. सुरुवातीआधी रिम्मा माझ्यापाशी आली, कठड्यावर बसून पायांतले मी विणलेले मोजे काढले आणि माझ्या हातात कोंबले.

"कोटाच्या आत ठेवा. संपल्यावर गरम लागतील."

मी ते छातीशी धरले.

मग सुटल्या. मी म्हटलं होतं, दोन बायका गोल फिरणार, त्यात बघायचं काय? बघायचं होतं! जवळून जाताना तो आवाज यायचा, टाक, टाक, टाक, टाक, आमच्या टेबलावरचा, पण आता जिवंत. माझ्या सुनेला मी बारा वर्षं घरात चालताना बघते आहे, जरा फेंगडीच चालते. तिकडे ती चालत नाही, वाहते. मला कोणी सांगितलंच नव्हतं हे.

दर फेरीला त्या माझ्यासमोर आत-बाहेर करत होत्या. कधी ही पुढे, कधी ती. शेवटची अर्धी फेरी राहिली तेव्हा दोघी वळणातून एकदम निघाल्या. स्नेझाना आतून, रिम्मा बाहेरून. म्हणजे स्नेझानाने आता बाहेर जायचं. ती जाईना. मान खाली, तोंड उघडं, डोळे काचेचे, सरळ निघाली आपली आतल्याच रुळावरून. मी ते तोंड ओळखते. डेपोत सलग दुसरी पाळी करणाऱ्या पोरांचं असतं तसं. मी मनात म्हटलं, चुकली! गेली! आणि खरं लिहिते, माझ्या पोटात आनंदाची उकळी फुटली. जागा आपली!

आणि तेवढ्यात रिम्मा ओरडली. "बाहेर! स्नेझान्का, बाहेर!"

पोरीने दचकून मान वर केली आणि एकदम बाहेर वळली, ती थेट रिम्माच्या पुढ्यातून. रिम्माला उभं राहावं लागलं. तीन-चार ढांगा ती नुसती ताठ घसरत गेली, हात पसरून. परत वाकली तोवर दुसरी पुढे निघाली होती. रेषेवर अर्ध्या पात्याचा फरक पडला.

मी कठड्याखालून वाकून आत शिरले. या गुडघ्यांनी कशी शिरले देवाला ठाऊक. बोरिस फोमिचचं पंचाशी आधीच सुरू होतं, आडवी आली, बाद करा, नाहीतर माझीला परत पळू द्या. सांध्यावरचा पंच म्हणत होता की त्याच्या चष्म्यावर बर्फ होता, त्याने नीट पाहिलं नाही.

"मी पाहिलं!" मी म्हणाले. "ट्रामवाली आहे मी, एकतीस वर्षं! हक्क बाहेरून येणारीचा. ही मधे घुसली, आमचीला ब्रेक मारावा लागला!"

मोठ्या पंचाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या कोण?"

रिम्मा गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होती. वर न बघताच म्हणाली, "आई आहे माझी. तिला लांबचं नीट दिसत नाही, साहेब. मला कोणी अडवलं नाही. माझाच पाय चुकला."

"रिम्मा!" बोरिस फोमिच म्हणाला.

"पाय चुकला म्हटलं ना."

पळणारीच नाही म्हणाली, की संपलं. स्नेझाना बाजूला बर्फावर बसून ओकत होती, तिला काही पत्ता नव्हता.

मला लांबचं दिसत नाही! मला! दर वर्षी डेपोतल्या डॉक्टरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ मी वाचून दाखवायची. सगळ्यांसमोर मला आंधळी ठरवलं. ट्राममध्ये मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. मोजे मात्र दिले. गरम होते.

२१ डिसेंबर

आज बोलले. बोलले म्हणजे भांडले. "का ओरडलीस? सांग. का?"

ती फळीवरचं मेण चाकूने खरवडून काढत होती.

"तिने मला शिकवलं, आई. तिने नसतं शिकवलं तर मी शेवटच्या जोडीत नसतेच."

"ते वेगळं! चूक तिची होती, तू कशाला भरलीस?"

"मी ठरवलं नव्हतं हो. तोंडातून गेलं." मग चाकू खाली ठेवला. "आणि नसतं गेलं तर? मी गेले असते तिकडे. दर फेरीला त्या जागी आले की मला तिचं तोंड दिसलं असतं. मागच्या खेपेच्या एका तोंडाने आधीच पुरे केलंय."

"मग परत पळायचं होतं! ते तर हक्काचं होतं!"

"तिला बाद केल्याशिवाय?"

मी कपात चहा ओतून घेतला. आत जाऊन बसले. मला जे हवं होतं ते मिळालं आहे. तिचं पळणं संपलं, आता घरी राहील. देवाने माझं न सांगितलेलंच नेमकं ऐकलं असेल, या विचाराने कपातला चहा तसाच थंड झाला. मला हे असं नको होतं. मी तिला पळताना पाहिलं नव्हतं तेव्हाचं ते मागणं होतं.

२८ डिसेंबर

गावात बोलतात की म्हातारीने घाबरवायला आरडाओरड केली, तरी पोरगीच जिंकली. म्हातारी म्हणजे मी नाही, रिम्मा! भाजीच्या रांगेत एक बाई हे म्हणाली. तिला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. रोझाने हाताला धरून बाहेर काढलं. वाटेत रोझा म्हणते, "आणि काय गं, सून आई म्हणायला लागली वाटतं तुला? परवा जिन्यात ऐकलं."

काहीतरीच. ती मला नेहमी नावानेच हाक मारते.

१४ जानेवारी

स्नेझाना आली. दारातच उभी. तिला आता सगळं कळलंय, बोरिस फोमिचने रागात सांगितलं.

"मावशी, मी जात नाही. तुम्ही जा."

"वेडी आहेस का? आत ये, दार लाव, थंडी येते."

पोरगी रडायला लागली, माझ्या पायपुसण्यावर उभी राहून. रिम्माने तिला तिथेच सोडलं आणि आतून आपला तेलाचा दगड आणि लाकडी चौकट आणली. ज्याला गेन्कालाही हात लावू देत नाही, ते.

"तुझी पाती तू फार घासतेस. कड बोथट होते. हे घे, हळू फिरव. आणि शेवटच्या फेरीत मान वर ठेव. तिकडे तुला कोणी हाक मारणार नाही."

माझा राग पूर्ण गेला नव्हता. पन्नास वाढले. तिने बारा खाल्ले आणि ताट सरकवलं, तेव्हा गेला.

११ फेब्रुवारी

आज सकाळी दूरदर्शनवर तीन हजार मीटर. गेन्का बसला, मी बसले, रोझा आली. रिम्मा म्हणाली, मला पेल्मेनीला पाणी ठेवायचंय. आणि स्वयंपाकघरात गेली. पातेलं एकच होतं, पण चारदा आपटल्याचा आवाज आला.

स्नेझाना सुरुवातीला छान पळाली. रोझाला मी समजावून सांगत होते, बघ, आता ही आत, ती बाहेर, हा सांधा. पाचव्या फेरीपर्यंत पुढे होती. मग तोंड उघडलं. शेवटच्या वळणाआधी ती आतून निघाली आणि मला ते डोळे दिसले, तेच काचेचे. मान खाली गेली.

मी उभी राहिले. चौकात ट्रामची घंटा बिघडली की लोकांना हटवायला जो आवाज काढायचे, तो काढला. "बाहेर! बाहेर जा गं, स्नेझान्का! बाहेर!"

स्वयंपाकघरातून रिम्मा धावत आली, हातात झारा. आणि तिकडे, त्या परक्या देशात, पोरीने मान वर केली आणि बाहेर वळली. स्वच्छ, वेळेवर, कोणाच्या आड न येता. पाचवी आली. खालच्या लोकांनी काठीने छत ठोकलं.

"तिला ऐकू गेलं," रिम्मा म्हणाली. "आई, बघा, तिला ऐकू गेलं तुमचं." आणि हसायला लागली, आणि हसता हसता झाऱ्यासकट खाली बसून रडायला लागली. डिसेंबरपासून पहिल्यांदाच. मी तिच्यापाशी जमिनीवर बसले. तिच्या पायांत मोजे नव्हते, घरातसुद्धा. थंडगार पाय. मी ते मांडीवर घेऊन चोळत बसले. तिने काढून घेतले नाहीत.

मग पाणी उकळून ओसंडायला लागलं म्हणून उठले. आम्ही तिघं आणि रोझा, चौघांपुरते पेल्मेनी टाकले, आणि सवयीने वर आणखी चाळीस टाकले. टाकल्यावर लक्षात आलं, खाणारी इथे कुठे आहे? पण काढून घेता येत नव्हते. चौघांनी मिळून संपवले. रिम्माने सगळ्यांत जास्त खाल्ले.